हिरवी कोर

दौंड
४ डिसेंबर १९९६

मित्रा संपत,

धनश्रीच्या लग्नाचा अल्बम या पत्रासोबत पाठवतोय. मांडवातले फोटो जरा पिवळे आलेत. तो दोष तुमच्या मांडवाच्या कापडाचा, माझा नाही. लेक निघतानाचे मात्र चांगले आलेत. तू रडतोयस ते दोन मी मुद्दाम ठेवलेत.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. वऱ्हाड गेल्यावर मी सामान आवरत होतो, तेव्हा तुझे आबा माझ्याजवळ येऊन बसले. दिवस मावळायला आला होता. मला म्हणाले, "सुभान, तुझ्या मशिनीत हिरवा सूर्य घावतो का?"

मला वाटलं, कसल्या रंगीत काचेबद्दल विचारतायत. मग त्यांनी सांगितलं. तरणे होते, मेंढरं घेऊन टेकाडावर होते. सूर्य बुडाला, नखाएवढा उरला, आणि ती कोर हिरवीगार झाली, मक्याच्या कोंबासारखी. डोळे मिटून उघडेपर्यंत गेली. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. तुझे चुलते दादा जवळच खुर्च्या गोळा करत होते. ते हसून म्हणाले, "निघाला का पुन्हा आबाचा हिरवा सूर्य?" आबा उठून आत गेले.

ते माझ्या डोक्यातून जाईना. परवा रोल धुवायला पुण्याला गेलो, तेव्हा तिथल्या एका ग्रंथालयात चौकशी केली. एक इंग्रजी पुस्तक मिळालं. बरंचसं डोक्यावरून गेलं, पण एवढं समजलं की सूर्याचा उजेड हवेतून येताना वाकतो आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. मावळताना लाल आधी बुडतो, हिरवा क्षणभर मागे राहतो. क्षितिज सपाट असेल आणि हवा एकदम स्वच्छ असेल, तरच दिसतो. बहुतेक लोकांनी समुद्रावर पाहिलाय.

संपत, आबा खरं बोलतायत. हे त्यांना वाचून दाखव. आणि मला तो फोटो काढायचा आहे. टेकाडावरून पश्चिम अजून मोकळी आहे का?

तुझा,
सुभान


वडगाव रासाई
१५ डिसेंबर १९९६

सुभान,

अल्बम पोचला. धनीच्या सासरची माणसं येऊन बघून गेली. माझे रडके फोटो बघून सगळी हासली.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. लाल आधी बुडतो, तिथपर्यंत आल्यावर म्हणले, परत वाच. परत वाचलं. मग घोंगडी वढून भितीकडं तोंड करून पडले. मला वाटलं, बरं न्हाई का काय. सकाळी मी धार काढत होतो तवा गोठ्यात आले आन् म्हणले, "तुझी आय आसती तर तिला वाचून दाखवलं आसतं."

आमच्या आईनं पण त्या गोष्टीवर कवा इश्वास ठेवला न्हाई. तू शाळंला दौंडात व्हतास, मी पण मामाकडं तिथंच, म्हणून तुला गावातलं ठाऊक न्हाई. गावात आबांना 'हिरवा' म्हणायचे. बाजारात कुणी भेटलं की, काय हिरवा, आज कुठला रंग? आधी आबा भांडायचे. मग त्यांनी ते बोलणंच सोडून दिलं. तुझ्यापाशी कसं काय काढलं, त्यांचं त्यांना ठाऊक.

टेकाडावरून पश्चिम मोकळी हाय. खाली ऊस झालाय पण तो आडवा येत न्हाई. कवा पण ये. तुमचे रोजे लागतील आता, तर जेवणाचं तुझ्या टायमानं करू. आबांनी आत्ताच टेकाडावर बसायला दोन सपाट दगड बघून ठेवलेत.

संपत


दौंड
२२ फेब्रुवारी १९९७

मित्रा संपत,

सकाळी तुम्ही झोपेत होतात म्हणून न सांगता पहिली गाडी धरली.

एवढ्या खेपा झाल्या, पण हाताला काही लागलं नाही. क्षितिजाजवळची शेवटची बोटभर जागा नेहमी धुरकट. गुऱ्हाळं चालू आहेत तोवर असंच असणार. सूर्य बुडण्याआधीच त्या धुरात विरघळतो. तरी मला या खेपा आवडल्या. रमजानात आबा पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन शेजारी बसायचे. सूर्य गेला की आधी तांब्या माझ्या हातात द्यायचे, मग म्हणायचे, "उद्या." बाकी एक शब्द नाही. माझ्या वडिलांच्या मागे इतका वेळ कुणाशेजारी गप्प बसलो नव्हतो.

काल हवा बरी होती. नवीन लांब लेन्स लावली होती. फोकस हलू नये म्हणून सूर्य चांगला वर असल्यापासूनच डोळा लावून बसलो. आख्खा रोल संपवला. रोल आला की कळवतो, पण हिरवं काही दिसलं नाही.

डोळा जरा चुरचुरतोय. झोप झाली नसेल. आबांना सलाम सांग.

सुभान


वडगाव रासाई
१८ मार्च १९९७

सुभान,

रोलचं तू काय कळवलं न्हाईस, म्हणजे काय आलं नसणार.

काल इथं अवकाळी पाऊस झाला. कांदा भिजला, पण आभाळ धुवून निघालं. आबा एकटेच टेकाडावर जाऊन बसले व्हते. आल्यावर म्हणले, आज पार खालपर्यंत लख्ख व्हतं, सुभान पायजे व्हता. आठ-धा दिस आसंच राहील म्हणत्यात. पत्र मिळाल्या मिळाल्या निघ.

संपत


दौंड
२ एप्रिल १९९७

संपत,

पत्र मिळालं. लग्नाच्या तारखा आहेत, यायला जमणार नाही. पुढच्या वर्षी बघू, असं आबांना सांग. बाकी ठीक.

सुभान


वडगाव रासाई
२० एप्रिल १९९७

सुभान,

चार ओळींचं पत्र मिळालं. आबांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हणलं, कामात हाय.

पण मी परवा दौंडच्या बाजाराला आलो व्हतो. ऐन लग्नसराईत तुझा स्टुडिओ बंद. घरी आलो, तर भाभी दारातच म्हणल्या, बाहेर गेलेत. तुझ्या चपला उंबऱ्यापाशी व्हत्या. मी पाणी पिऊन निघालो.

आन् तुझं अक्षर. शाळंत मास्तर तुझं अक्षर दाखवून आम्हाला बोलायचे. ह्या पत्रात वळी एकमेकींवर चढल्यात. घाईघाईत खरडलंस, आसंच धरून चाललो.

आमचा कंटाळा आला आसल तर तसं सांग. म्हाताऱ्याला मी समजावीन. त्यांनी तुला बोलावलं नव्हतं, तू आपणहून आला व्हतास. आता रोज सांजंला ते रस्त्याकडं बघत बसत्यात, ते माझ्यानं बघवत न्हाई.

संपत


दौंड
२७ एप्रिल १९९७

संपतभाऊ,

मी नाझिया. तुमचं पत्र यांनी मला वाचायला लावलं, कारण त्यांना वाचायला त्रास होतो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, उत्तर देऊ नकोस. मी त्यांच्या नकळत लिहिते आहे.

तुम्ही आलात त्या दिवशी ते आतच होते. मी खोटं बोलले, माफ करा.

फेब्रुवारीत तुमच्याकडून आले त्याच दिवशी संध्याकाळी म्हणाले, "उजव्या डोळ्यासमोर डाग आहे, जात नाही." आठवडाभर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मग पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. लांब लेन्समधून सूर्याकडे बघितल्यामुळे डोळ्याचा आतला पडदा भाजलाय, असं ते म्हणाले. कडेचं दिसतं. जिथे बघतील तिथेच मधोमध डाग येतो. डावा डोळा झाकून माझ्याकडे बघितलं की माझे केस दिसतात, कान दिसतात, चेहरा दिसत नाही. थोडं सुधारेल, पण पहिल्यासारखं होणार नाही म्हणाले.

पंधरा-वीस दिवस तर ते अंधाऱ्या खोलीतच बसून होते. कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. ठरलेल्या लग्नांना मी जाते आहे. यांच्याबरोबर इतकी वर्षं डार्करूममध्ये काम केलंय, तेवढ्यावर निभावतंय.

कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलंय, आणि आबांना तर मुळीच नाही. म्हणाले, "म्हाताऱ्याला वाटेल आपल्या गोष्टीनं याचा डोळा घेतला." पण भाऊ, मला भीती वेगळीच आहे. मागच्या आठवड्यात म्हणाले, डावा डोळा आहे की. थंडी पडली की पुन्हा जाईन. मी रडले, भांडले. ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील म्हणून लिहिते आहे.

नाझिया


वडगाव रासाई
३ मे १९९७

नाझियाभाभी,

तुमचं पत्र ओसरीत बसून वाचलं. मनात वाचलं, तरी आबांनी विचारलं, "सुभानचं का?" मी म्हणलं, व्हय, मजेत हाय. तर म्हणले, "मला अक्षर वाचता येत न्हाई. तुझं तोंड येतं."

मग सांगावं लागलं. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, डावा डोळा चांगला हाय का? चांगला हाय म्हणलं, पण तुम्ही लिहिलंय तेही सांगितलं, की तो परत बघायला जाणार म्हणतोय.

ही परवाची गोष्ट. आज म्हणले, मला दौंडाला ने. गुरुवारी आम्ही येतो. सुभानला आधी सांगू नका. त्यांच्या मनात काय हाय मला ठाऊक न्हाई. सुभानचा राग माझ्यावर निघाला तरी चालंल. त्याला भलतंच बोललो, ते मला खातंय.

संपत


दौंड
१५ मे १९९७

संपत,

त्या दिवशी आबांनी तुला चहा सांगायला बाहेर पाठवलं, तेव्हा आत काय बोलणं झालं ते तुला त्यांनी सांगितलं का? नसेल तर ऐक.

लोकांना पासपोर्टच्या फोटोसाठी बसवतो त्या स्टुलावर ते बसले होते. मला जवळ बोलावलं. माझ्या गालावर हात ठेवून उजव्या डोळ्याकडे बघत राहिले. मग हात काढला आणि म्हणाले, "मी कवाच काय बघितलं न्हाई."

मला समजलंच नाही. ते म्हणाले, "तरणा व्हतो. चार मेंढक्यांत मोठेपणा मिळावा म्हणून बोललो. मग मागं घेता येईना. तू बघायला जाऊ नको. तिथं काय न्हाई."

मी म्हणालो, "आबा, पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं समुद्रावर बघितला आसंल. टेकाडावर काय न्हाई."

"मग इतके दिवस माझ्याशेजारी कशाला बसत होता?"

"तुझी संगत बरी वाटायची."

मला राग आला, संपत. मी म्हणालो, बिरोबाची आण घेऊन सांगा. मला वाटलं, घेणार नाहीत. त्यांनी घेतली. माझ्या डाव्या डोळ्यात बघून घेतली. मग तू चहा घेऊन आलास.

तू भेटलास, मन मोकळं झालं, तुझ्यामाझ्यात काही नाही. त्यांच्यावरही मी ओरडणार नाही, वय झालंय. पण मी एक डोळा एका थापेपायी घालवला, हे मला सहन होत नाही. ती लांब लेन्स मी कपाटात टाकली आहे. पुन्हा टेकाडावर पाय ठेवणार नाही, हे त्यांना सांग. ते तेवढ्यासाठीच आले होते ना?

सुभान


वडगाव रासाई
१० जून १९९७

नाझियाभाभी,

सुभानच्या पत्राला मी अजून उत्तर दिलं न्हाई. काय लिहू ते कळंना. म्हणून तुम्हाला इचारतो.

दौंडावरून येताना आबा गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले व्हते. आण घेतली, त्यातलं मला अक्षर बोलले न्हाईत. पण त्या दिसापासून बिरोबाच्या देवळात आत जात न्हाईत. आमच्या घरात त्यांच्याएवढं त्या देवाचं कुणी करत न्हाई. आता बाहेर पायरीपाशी उभं राहत्यात, हात जोडत्यात आन् माघारी येत्यात. सुभानचं पत्र आलं तवा मला उमगलं. मी त्यांना इचारलं, "आबा, खोटी आण घेतली का?"

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणले, "त्यानं दुसरा डोळा घातला आसता. देवाचं मी बघून घीन."

भाभी, आता मी काय करू? सुभानला खरं सांगितलं, तर तो परत डोळा लावील आन् आबांनी केलं ते वाया जाईल. न सांगावं, तर माझ्या बापाला तो खोटारडा धरून बसलाय. गावानं जन्मभर तेच म्हणलं. एक माणूस खरं म्हणणारा व्हता, तोही गेला. तुम्ही म्हणाल तसं करतो.

संपत


दौंड
६ जुलै १९९७

संपतभाऊ,

बरेच दिवस विचार केला. काल त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं.

ऐकून म्हणाले, "त्यांनी आण घेतली होती गं, नाझिया." एवढंच. मग उठले, हात-तोंड धुतलं, पुन्हा येऊन बसले. जेवले नाहीत.

आज सकाळी मी अट घातली. फोटो मी काढणार. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, फोकस ते हातानं आधी लावून देतील, बटण वायरने मी दाबणार. कॅमेऱ्याच्या काचेला डोळा कुणीच लावायचा नाही. सूर्य बुडून कोर राहीपर्यंत मीही तिकडे बघणार नाही. आणि ते सूर्याकडे पाठ करून बसतील. बिरोबाची आण मागणारे तुम्ही, आता माझ्यासमोर अल्लाची कसम घ्या, असं म्हणाले मी. त्यांनी घेतली.

पावसाळा संपला की हवा स्वच्छ असते म्हणतात. दिवाळीच्या आसपास, गुऱ्हाळं पेटायच्या आधी येऊ. आबांना खरं-खोटं काही विचारू नका. वहिनींना, पाहुणे येतायत, एवढंच सांगा.

नाझिया


दौंड
१४ नोव्हेंबर १९९७

मित्रा संपत,

त्या संध्याकाळी तुझी पाण्याची पाळी होती, तू शेतात होतास. म्हणून लिहितो.

टेकाडावर आम्ही तिघंच होतो. आबा यायला तयार नव्हते. नाझिया म्हणाली, मला एकटीला वाट सापडायची नाही, तेव्हा आले. मी फोकस लावून दिला आणि पूर्वेला तोंड करून बसलो. समोर माझी सावली टेकाड उतरून पार उसात गेली होती. मागे काय चाललंय ते काही कळत नव्हतं. एवढ्या वर्षांत सूर्य मावळताना मी कधी त्याच्याकडे पाठ केली नव्हती. सावली फिकी होत गेली, मग नव्हतीच. तेवढ्यात मागे बटणाचा आवाज झाला, लागोपाठ झाला. आणि आबांनी श्वास घेतलेला ऐकू आला.

मी तसाच बसून विचारलं, "दिसला का?"

नाझिया म्हणाली, "काहीतरी दिसलं. खात्री नाही."

आबा म्हणाले, "चला, भाकरी गार व्हतील."

रोल काल पुण्याहून आला. मी डाव्या डोळ्याला भिंग लावून एकेक फोटो बघितला. सगळे तांबडे, शेवटचे काळे. त्यांच्यामध्ये एक आहे. जमिनीच्या रेघेवर टेकलेला एक बारीक कण, आणि तो हिरवा आहे. मी तो नाझियाला दाखवला तेव्हा तिनं भिंग माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितला.

मोठा करून पाठवतोय. आबांच्या हातात दे. त्यांनी मला जे सांगितलं ते मागे घ्यायला लावू नकोस, आणेचा विषय काढू नकोस. मला सगळं समजलं आहे, हेही सांगू नकोस. नुसता हातात दे.

माझा उजवा डोळा आहे तसाच आहे. त्याची आता सवय झाली. दुकान नाझिया बघते, मी डार्करूम बघतो. तिचे फोटो माझ्यापेक्षा चांगले येतात, असं गिऱ्हाइकं म्हणतात.

सुभान


वडगाव रासाई
२६ नोव्हेंबर १९९७

सुभान,

आबा आत्ता बिरोबाच्या देवळात गेलेत. आत गेलेत, मी लांबून बघितलं. ते येईस्तवर हे लिहून घेतो.

तुझं पाकीट दुपारी आलं. दादा आन् गावातली दोन जुनी माणसं ओसरीत पान खात बसली व्हती. मी म्हणलं, ही माणसं जाऊ द्यावी. मग वाटलं, राहू द्या, ह्यांनीच तर सगळं आयुष्य त्यांची थट्टा केली. तू सांगितलंस तसं मी काय बोललो न्हाई. फोटो आबांच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडात धरला. डोळ्यापाशी नेला, लांब धरला. दादा वाकून बघाय लागले. आधी त्यांना काय कळंना. मग म्हणले, "आगं बया. हिरवं हाय की रं हे." बाकीच्या दोघांनी बघितलं. त्यातला एक उठला आन् परत बसला. दादांनी इचारलं, "कुठला म्हणायचा हा?" मी म्हणलं, आपल्या टेकाडावरचा. सुभानच्या बायकोनं काढला, आबा शेजारीच व्हते.

मग सगळी आबांकडं बघाय लागली. दादा म्हणले, "आबा, आम्ही तुला लई बोललो."

आबांचं त्यांच्याकडं ध्यानच नव्हतं. ते फोटोवर बोट ठेवून व्हते, त्या हिरव्या ठिपक्याच्या बरुबर खाली. मला वाटलं, आता रडतील. मला तर आवरंना. पण ते रडले न्हाईत. लई बारकाईनं बघत व्हते, जसं बाजारात जनावर बघत्यात तसं. मग त्यांनी मान हलवली आन् फोटो माझ्याकडं दिला.

म्हणले, "मी बघितला तो ह्याच्यापेक्षा हिरवा व्हता."

तुझा,
संपत